लेकीच्या पैशाचं तिकीट

कारंज्याच्या स्टेशनात छोटी गाडी सुटायला लागली तेव्हा माझा बा माझ्याकडं पाहत नव्हता. तो इंजिनाकडं पाहत होता. माय पदराचा बोळा तोंडात धरून उभी, काकू डोळे पुसतेय, धाकटी भावंडं खिडकीच्या गजाला लोंबकळतायत, आणि बा मात्र खाली वाकून चाकाचा दांडा मागंपुढं कसा होतो ते निरखतोय. मोट, बैल आणि वांग्याचे वाफे यांच्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ते लोखंडाचं जनावर पाहून भान राहिलं नाही, हे आज मला समजतं. त्या दिवशी मात्र इंजिनाचा असा राग आला की रडायचंच राहून गेलं. लेक मुलखाबाहेर चाललीय आणि बापाचे डोळे कुठं! शिटी झाली तसा तो दचकून धावत आला, गजातून हात घालून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "जाय पोरी. मी येतो एक डाव तुह्या गावाले. तू अन मी संग फिरू." त्या बोलावर मी मूर्तिजापूरपर्यंत तग धरला. तिथं मोठ्या गाडीत बसल्यावर मग पोटभर रडून घेतलं.

माझा स्वभावच तसा आहे. दुसऱ्याचं बरं झालं की माझ्या पोटात दुखतं, मग तो दुसरा माणूस असो की इंजिन. माय म्हणायची, "वेणे, तुह्या डोळ्यात कोणी मिरच्या पेरल्या का वं?" कारंज्याला राहिलेल्या माझ्या मैतरणींना हे ठाऊकच आहे. माझ्यासारख्या ज्या नवऱ्यामागून परमुलखात गेल्या, त्यांना ठाऊक नसेल म्हणून आधीच सांगून टाकते.

आमचे हे कारंज्याला एका कापसाच्या शेठच्या जिनात मापारी होते. काट्यावर गाठी चढवायच्या, वजन ओरडून सांगायचं, एवढंच काम. शेठची एक गादी कलकत्त्यात, बडाबाजारात होती. तिथल्या गोदामावर भरवशाचा माणूस हवा होता. शेठनं विचारलं, ह्यांनी मान हलवली, आणि घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. कलकत्ता म्हणजे नागपूरच्या थोडं पुढं असेल, अशी माझी समजूत. नागपूर मागं पडलं, डोंगर मागं पडले, माणसांची बोली बदलली, डब्यात येणाऱ्या खाण्याचा वास बदलला, तरी गाडी आपली चाललेलीच.

बडाबाजारातल्या गल्लीत आमची एक खोली होती. खाली मसाल्याचं दुकान, वर आम्ही. कारंज्याला मी पहाटे मळ्यात जायची, दवानं भिजलेली मेथी उपटायची, विहिरीचं पाणी थेट पाटातून प्यायची. इथं पाणी खालच्या नळावरून वर आणायचं आणि मेथी पैसे मोजून घ्यायची, तीही सुकलेली. वांग्याला बेगुन म्हणायचं हे शिकायला मला वेळ लागला नाही. पण बेगुन म्हणून घेतलेलं वांगं कितीही चांगलं भरलं तरी त्याला बाच्या मळ्यातली चव येत नव्हती. ह्यांना ती येत होती. पुरुषांची जीभ लवकर गाव बदलते असं मला तेव्हापासून वाटतं.

शहर पाहायला माणसं कुठून कुठून यायची. काशी-गया करून उतरलेले यात्रेकरू, कालीच्या दर्शनाला आलेले, जादूघर आणि प्राण्यांचा चिडियाखाना बघायला आलेले. पागोटी, घोंगड्या, गाठोडी यांनी धर्मतळ्याचा नाका गजबजलेला असायचा. सगळ्या ट्रामगाड्या तिथं येऊन वळायच्या. मी त्यातल्या एकीतही बसत नव्हते. ह्यांच्याजवळ महिन्याचा पास होता, खिदिरपूरच्या गोदामावर जायला. तो त्यांच्या नावाचा, त्यांच्या खिशात. मी बाजारापर्यंत पायी जायची आणि पायी यायची. मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं, कारण आमच्या ओळखीत दुसरी कोणी वऱ्हाडी बाई नव्हती आणि तुलना करायला कोणी नसलं की मी गुणी असते.

मग सुभद्रा आली. रामा माझा सख्खा चुलतभाऊ. त्याला गोदामावर चिकटवून द्या म्हणून मीच ह्यांच्या मागं लागले होते, म्हणजे ही विकतची दुखणी माझीच. सुभद्रा त्याची बायको. मालेगावची. आईबाप लहानपणीच गेलेले, मामाकडं वाढलेली. काळीसावळी, बुटकी आणि तोंडानं चुरूचुरू. तिनं आल्या दिवशी माझा हात घट्ट धरून रस्ता ओलांडला. घोडागाडी आली की डोळे मिटायची. मी तिला म्हटलं, "भेऊ नको वं, मी हाय नं." मला फार बरं वाटलं होतं. असंच चाललं असतं तर आमचं सूत छान जुळलं असतं.

वर्ष सरायच्या आत ती मला रस्ता सांगायला लागली. ट्रामीची सगळी विद्या तिनं कुठून उचलली देव जाणे. ट्रामीला दोन डबे. पुढचा पहिल्या वर्गाचा, त्यात पंखे आणि बसायला मऊ. मागचा दुसऱ्या वर्गाचा, नुसत्या लाकडी फळ्या, भाडं कमी. "दोन्ही डबे एकाच वेळी पोचतात नं बाई?" ती मला विचारायची. भर दुपारी, कचेऱ्या भरल्या की, भाडं आणखी उतरायचं. तेव्हा दूरची कामं करायची. एका ट्रामीतून दुसरीत बदलायचं असेल तर कंडक्टरला आधीच सांगून बदलीचं तिकीट मागायचं, म्हणजे दुसऱ्यांदा पैसे पडत नाहीत. रोज जायचं तर महिन्याचा पास परवडतो, कधीमधी जाणाऱ्याला तो अंगावर पडतो. दिवसभर हिंडायचं असेल तर दिवसाचं एक तिकीट मिळतं, एकदा काढलं की कुठंही चढा, कुठंही उतरा. हे सगळं ती भाजी निवडता निवडता सांगायची. बंगालीत भांडायलाही शिकली होती. कंडक्टर तिला दिदी म्हणायचे. मला आमच्या गल्लीतला पानवालासुद्धा दिदी म्हणत नव्हता. ह्यांनी एकदा जेवताना तिचं कौतुक केलं. वर भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या सुमारास बाचा निरोप आला. कारंज्याहून मंडळी काशी-गयेला निघालीत, त्यांच्यात तो आहे, आणि परतताना कलकत्त्याला उतरून लेकीला भेटून मग पुढं जाणार. निरोप ऐकला आणि मी खोली सारवली, म्हणजे फरशी होती तरी सारवल्यासारखी पुसली. आणि मग खाली बसले, कारण एक गोष्ट विसरले होते.

आमच्यात लेकीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. पाण्याचा घोट नाही, गुळाचा खडा नाही. मला तेव्हा मूलबाळ नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. म्हणजे बा माझ्या दारात येणार, बसणार, आणि कोरडाच उठणार. उतरायचा तो समोरच्या जिन्यावर रामाकडं, पुतण्याच्या घरी. भाकर खायची ती सुभद्रेच्या हातची.

माझ्याजवळ बाला द्यायला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे हे शहर. ते तरी मी त्याला दाखवीन असं मी मनाशी पक्कं केलं. स्टेशनातला त्याचा शब्द माझ्याजवळ होताच. आणि सुभद्रा त्याला मागच्या डब्याच्या फळ्यांवर बसवणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ह्यांच्या मागं लागून पहिल्या वर्गाची, दिवसभराची दोन तिकिटं आणवली. एक बाला, एक मला. तिसरं आणलं नाही. ह्यांनी विचारलं, "अन सुभद्रेचं?" मी म्हटलं, "तिले काय कमी हाय? तिले सारे कंडक्टर वळखतात."

बा आला. वाळला होता, उन्हानं रापला होता, डोक्याचे केस गयेला उतरवून आला होता म्हणून पागोटं सैल बसत होतं. माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहून त्यानं सगळीकडं नजर फिरवली, भिंतींवरून हात फिरवला, माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी सवयीनं तांब्या भरून पुढं केला. त्यानं तांब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"राहू दे पोरी. मले तान नाही," तो म्हणाला. त्याचे ओठ फुटलेले होते. समोरच्या जिन्यावरून सुभद्रा आली, चुलतसासऱ्याला "मामाजी, चाला, च्या मांडला," म्हणाली, आणि तो गेला. मी तांब्यातलं पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं. तुळशीला तेव्हा पाणी नको होतं, वरून वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी आम्ही जमलो. मी ठेवणीतलं लुगडं नेसले होते. बाच्या हातात तिकीट ठेवलं.

"हे आलडे तिकीट हाय, बा. आज दिवसभर कोण्याबी ट्रामीत बस, उतर, अन पुन्हा बस. कोणी इचारत नाही."

"आल्याचं?" बानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. त्याच्या मळ्यात आलं होत असे. "आल्याचं तिकीट असते काय वं?"

सुभद्रा खुदकन हसली. मीही हसले, कारण बा तिला नाही, मला विचारत होता. मी समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली, खूश झाला, आणि मग एकदम थांबला.

"कोणाच्या पैशाचं हाय?"

"आमच्या ह्यांनी आणलं."

"म्हंजे तुह्या घरचं झालं." त्यानं तिकीट माझ्या हातात परत ठेवलं.

"बा, मी काय तुले ट्रामीत पाणी पाजून राह्यली?"

"लेकीच्या घरचं खाल्लं काय अन लेकीच्या पैशावर बसलो काय, एकच. आता गयेले बापाचे पिंड देऊन आलो अन इथं येऊन लेकीच्या पैशानं मिरवू? नाही जमत, पोरी."

तो रागानं बोलला नाही. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवूनच सांगितलं. पण सुभद्रा तेवढ्यात पुढं झालीच.

"मामाजी, तुमी माह्यासंग चाला. तुमचं तिकीट माह्याकडं लागलं. मागच्या डब्यात हवा बी मस्त लागते."

सुनेच्या पैशानं बसायला कोणाची हरकत नव्हती. सून घरची, लेक परक्याची. हे मी जन्मापासून ऐकत होते, पण ट्रामीच्या थांब्यावर ते असं समोर येऊन उभं राहील असं वाटलं नव्हतं. मला मागच्या डब्यात जाता आलं असतं. पहिल्या वर्गाच्या तिकिटाला मागं बसायची मनाई थोडीच होती! पण मी इतकी पेटले होते की ट्राम आली तशी तरातरा पुढच्या डब्यात चढले आणि अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

तिथून मागच्या काचेतून दुसरा डबा दिसत होता. बा खिडकीशी बसला होता, सुभद्रा त्याच्या शेजारी. ट्राम निघाली आणि घंटा वाजली तसा तो कारंज्याच्या स्टेशनातल्यासारखा हरखला. बाहेर बोट दाखवून काहीतरी विचारायचा, ती सांगायची, तो हसायचा. काय विचारतोय ते मला ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता आणि मला घाम सुटला होता. एक जाडजूड बंगाली बाई माझ्या शेजारी बसायला आली. मी रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हटलं, "लोक आछे." तेवढं बंगाली मला येत होतं, माणूस आहे म्हणून सांगण्यापुरतं.

"कोथाय?" तिनं विचारलं. कुठं आहे माणूस?

मी मागच्या डब्याकडं बोट केलं. तिनं काचेतून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि दुसरीकडं जाऊन बसली. बाचं तिकीट मी त्या रिकाम्या जागेवर ठेवलं होतं. ते उडू नये म्हणून कालीघाटापर्यंत त्याच्यावर हात दाबून बसले.

कालीघाटाला दर्शन झालं. रांगेत बा दोघींच्या मध्ये उभा होता, पण बोलणं सगळं तिच्याशी. ट्राम कशी चालते, वरच्या तारेत काय असतं, हमालांनाही दुसऱ्या वर्गात बसता येतं का, हे सगळं तिनं त्याला सांगून झालं होतं. मी काही सांगायला गेले की तो म्हणायचा, "हाव, सुभद्रेनं सांगतलं." बाहेर आल्यावर त्याला तहान लागली. सुभद्रेनं सोबत आणलेला तांब्या पुढं केला आणि तो माझ्यासमोर गटागटा प्यायला. पाणी त्याच्या गळ्यावरून खाली ओघळलं. मी पदरानं पुसायला हात पुढं केला, पण तोवर तिनं पुसलं होतं.

तिथून जादूघर. सुभद्रेनं दुपारची स्वस्त वेळ होईपर्यंत आम्हाला देवळाबाहेरच्या सावलीत बसवून ठेवलं आणि बानं तिच्या हुशारीची तारीफ केली. मी पुन्हा पुढच्या डब्यात, ते पुन्हा मागच्या. जादूघरात बा मोठमोठी हाडं, दगडाच्या मूर्ती, पेंढा भरलेले पक्षी बघत फिरला आणि शेवटच्या दालनात येऊन भिंतीशी उकिडवा बसला.

"बा, काहून बसला?"

"खेळ सुरू व्हायचा हाय नं? जादूगार कुठी हाय?"

आमच्या मागून जाणारी दोन पागोट्याची माणसंही त्याच्याजवळ बसली, कारण त्यांचाही तोच समज होता. म्युझियमला इकडं जादूघर म्हणतात, हे त्याला मी सांगणार होते. चार दिवस मनात घोळवून ठेवलं होतं, की तो फसेल आणि मग मी सांगीन आणि आम्ही दोघं हसू. सुभद्रेनं सांगितलं. ती दोघंच हसली. त्या दोन पागोट्यांसकट चौघं हसले.

पायऱ्यांवर मला राहवलं नाही.

"तुले लेक कायले पायजे, बा? तुले सून भेटली नं! तिचं पाणी गोड, तिचं तिकीट गोड, तिचा मागचा डबा गोड. माह्यंच सारं बाटलेलं. मले देवानं लेकरू नाही देल्लं तं त्यात माह्या हातचं पाणी काहून नासलं? मी तुले गाव दाखवणार होती. तू बोलला होता. तू अन मी. तू तं माह्याकडं पायलं बी नाही सकाळपासून!"

येणारेजाणारे थबकले. सुभद्रा खाली मान घालून पदराचा काठ चिमटीत धरून उभी. बाला रागवायची, समजावायची सवय नव्हती. मळ्यात पाणी फुटलं तरी तो ओरडत नसे, मुकाट्यानं जाऊन बांध घालत असे. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि चालू लागला. आम्ही दोघी त्याच्या मागं मागं धर्मतळ्यापर्यंत पायीच गेलो.

खिदिरपूरची ट्राम उभी होती. चिडियाखान्याला ती जायची, मधे मोठं मैदान लागायचं. मी आपली पुढच्या डब्याच्या पायरीवर पाय ठेवला, तोच माझा दंड कोणीतरी धरला.

"इकडं ये," बा म्हणाला.

"माह्यं तिकीट पुढचं हाय."

"असू दे. इकडं ये म्हणतो नं."

लहानपणी विहिरीच्या काठावरून ओढायचा तसं ओढून त्यानं मला मागच्या डब्यात नेलं. खिडकीची जागा मला दिली. स्वतः माझ्या शेजारी बसला. सुभद्रा समोरच्या फळीवर, एका मासेवालीच्या टोपलीपाशी बसली. ट्राम हलली. कंडक्टर आला. सुभद्रेनं बदलीची तिकिटं दाखवली, तिचं आणि बाचं. मी माझं पहिल्या वर्गाचं दाखवलं. कंडक्टरनं मान हलवली आणि तो पुढं जायला निघाला.

बानं त्याची बाही धरली. कमरेचा कसा सोडून त्यातनं यात्रेचे पैसे काढले आणि तळहातावर पुढं धरले. "हिचं," माझ्याकडं हनुवटी करून म्हणाला.

कंडक्टरला कळेना. हिच्याजवळ तर तिकीट आहे, तेही वरच्या वर्गाचं, असं तो बंगालीत सांगू लागला आणि पैसे परत करू लागला. बानं त्याचा हात मागं सारला.

"ते तिच्या नवऱ्याचं. हे माह्यं."

"की बोलछेन?" कंडक्टरनं सुभद्रेला विचारलं. काय म्हणतायत हे?

बासुद्धा सुभद्रेकडं वळला. "सांग वं त्याले. म्हणा, हिच्या घरी मी पाणी नाही पेत, तं ही बी आज हिच्या नवऱ्याच्या पैशावर माह्यापाशी बसणार नाही. आज ही माह्याकडं आली. माहेरी आली म्हणा."

सगळा डबा आमच्याकडं पाहत होता. सुभद्रा कंडक्टरला सांगायला लागली. तिला, जिला सगळी बंगाली येत होती, माहेराला काय म्हणायचं ते आठवेना. तिला तो शब्द कधी लागलाच नसेल. शेवटी मासेवालीनंच तिला दोनचार प्रश्न विचारून तो काढून दिला. मग सुभद्रा कंडक्टरला हळूच म्हणाली, "आज ओ बापेर बाडी एशेछे." आज ही बापाच्या घरी आलीय. बंगाल्यांच्यात माहेराला बापाचं घरच म्हणतात.

कंडक्टरनं त्या घराकडं एकदा नजर टाकली. पानाच्या पिचकाऱ्या, घामेजलेले हमाल, माशांची टोपली, लाकडाच्या फळ्या. मग त्यानं बाचे पैसे घेतले, दुसऱ्या वर्गाचं तिकीट फाडलं आणि ते बाच्या हातात न देता माझ्या हातात दिलं. म्हणाला, बसा दिदी, नीट बसा.

मी नीट बसले. मैदानावरून वारं येत होतं. बा मला विचारू लागला, हे गवत कोण कापते, एवढ्या जमिनीत काही पेरत काहून नाहीत, इथं कांदा किती निघाला असता. मला जे येत होतं ते सांगितलं, येत नव्हतं तेही सांगितलं. सुभद्रेनं मधे एक शब्द टाकला नाही. तिनं तोंड खिडकीकडं वळवलं होतं, पण बाहेर ती काही पाहत नव्हती. तिच्यासाठी असं तिकीट काढणारा कोणी कधी नव्हता आणि पुढंही असणार नव्हता. ती जळत होती. मी ते लगेच ओळखलं, त्या कामात माझा हात कोणी धरणार नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बानं गयेहून आणलेलं तिळकूट पुडीतून काढलं, मोडलं, आणि अर्धं मला दिलं, अर्धं तिला. मला वाटलं होतं सगळं मला देईल.

तो गेला तो पुन्हा आला नाही. पुढं मला मुलगी झाली, तिच्या बारशाचा निरोप कारंज्याला पोचायच्या आधी बा वारल्याचा निरोप इकडं आला. माझ्या घरचं पाणी त्याचं राहूनच गेलं. रामा आणि सुभद्रा तोवर गावी परतले होते, काकांच्या वाट्याचा मळा सांभाळायला. म्हणजे मी गेले ती माझ्या माहेरातून, आणि ती आता तिथं राहते. माझ्या विहिरीचं पाणी पिते, माझ्या वाफ्यातली मेथी खुडते. शेवटच्या दुखण्यात बाच्या तोंडात पाणी तिनं घातलं. त्यासाठी मी तिच्यावर अजून जळते, आणि मरेपर्यंत जळणार आहे. मागं एकदा कारंज्याला गेले होते. तिनं माझ्यासाठी पुरण घातलं, चोळीचं कापड दिलं, पाहुणीसारखं पाटावर बसवलं. पाहुणीसारखं, एवढंच ते खुपलं.

आता इथं हावड्याला लोखंडाचा नवा पूल झाला आहे आणि ट्रामी त्याच्यावरून ये-जा करतात. वऱ्हाडातल्या नव्या पोरी नवऱ्यांमागून येतात आणि कोणी सांगून ठेवलेलं असतं म्हणून माझ्याकडं येतात. मावशी, कोणतं तिकीट काढावं? मी त्यांना सगळं सांगते. रोज जायचं असेल तर महिन्याचा पास, दिवसभर हिंडायचं असेल तर दिवसाचं, दूर जायचं तर दुपारी, आणि बदलीचं तिकीट आधीच मागून घ्या. माहेर कुठलं, असं त्या विचारतात तेव्हा माझ्या तोंडून कारंजा पटकन निघत नाही. मला आधी खिदिरपूरची ट्राम आठवते, आणि मग मी कारंजा म्हणते.

एक गोष्ट मात्र कोणत्याच पाटीवर लिहिलेली नसते, ती त्यांना वेगळी सांगते. बाप आला तर त्याचं तिकीट काढायला धावू नका. तुमचं त्याला काढू द्या, मागच्या डब्याचं का होईना. आणि त्या ट्रामीत मी दिसले, तर ते माझ्यासमोर काढू नका. पुढच्या थांब्यापर्यंत थांबा, मी उतरून जाईन.